पहिली मॅच देवाला, पण गुणतक्त्यात पक्की

अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये, प्रत्येक संघाचा मोसम १६२ सामन्यांचा असतो. त्यातल्या पहिल्या आठवड्यातला एखादा दिवस संघाबद्दल आणि खेळाडूबद्दल कितपत खरं सांगतो?

२९ मार्च २०२५, शनिवार. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. महाराष्ट्रात साखरेच्या गाठी आणि कडुनिंबाची खरेदी उरकत आली होती आणि टीव्हीवर अहमदाबादेत गुजरातच्या १९६ धावांचा पाठलाग करताना मुंबई इंडियन्सची दमछाक चालली होती. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये दुपारचा एक वाजला होता. ब्राँक्समधल्या यांकी स्टेडियमवर मिलवॉकी ब्रूअर्सचा डावखुरा पिचर नेस्टर कोर्टेस चेंडू टाकायला उभा राहिला. आदल्या मोसमापर्यंत तो याच मैदानावर यांकीजकडून खेळत होता.

त्याचा पहिला चेंडू पॉल गोल्डश्मिटने प्रेक्षकांत पाठवला. दुसरा कोडी बेलिंजरने. तिसरा ॲरन जजने. तीन चेंडू, तीन होमरन. त्याच इनिंगमध्ये ऑस्टिन वेल्सने चौथा मारला. सामना संपला तेव्हा यांकीजच्या नावावर नऊ होमरन होते. शंभराहून अधिक वर्षांच्या या संघाने एका सामन्यात इतके होमरन कधीच मारले नव्हते. सर्वकालीन विक्रम दहाचा, टोरंटो ब्लू जेजने १९८७मध्ये केलेला. तो एकाने हुकला. निकाल २०-९. गंमत म्हणजे क्षेत्ररक्षणात त्या दिवशी यांकीजनी पाच चुका केल्या, आणि तरीही कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

यांकीजचा हा मोसमातला दुसरा सामना होता. पुढे आणखी १६० व्हायचे होते. पण सोमवार उजाडेपर्यंत यांकीज अजिंक्य ठरले होते, ब्रूअर्स मोडीत निघाले होते आणि एका बॅटने बेसबॉलचा इतिहास बदलला होता. निदान चर्चा तरी तशी होती.

बॅटचा बोलबाला

सामना चालू असतानाच समालोचकांनी यांकीजच्या काही खेळाडूंच्या हातातल्या वेगळ्या बॅटकडे लक्ष वेधलं. बेसबॉलची बॅट मुठीपासून टोकाकडे जाड होत जाते. या नव्या बॅटचा सगळ्यात जाड भाग टोकावर नव्हता. तो काही इंच मुठीकडे सरकवला होता आणि तिथून पुढे टोक पुन्हा निमुळतं केलं होतं. आकारावरून तिला ‘टॉर्पिडो बॅट’ म्हणू लागले.

कल्पना ॲरन लीनहार्ट यांची. एमआयटीतून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट घेतलेले आणि मिशिगन विद्यापीठात प्राध्यापकी केलेले हे गृहस्थ पुढे बेसबॉलमध्ये आले आणि काही वर्षं यांकीजकडे होते. त्यांचा तर्क साधा होता. एखाद्या बॅटरचा चेंडू नेहमी बॅटच्या ठरावीक जागी लागत असेल, तर लाकूडही तिथंच जास्त असायला हवं. ज्या टोकाला चेंडू क्वचितच लागतो तिथं वजन कशाला वागवायचं? नियमानुसार बॅट एकसंध लाकडाची असावी लागते, आणि तिची जाडी २.६१ इंचांपेक्षा व लांबी ४२ इंचांपेक्षा जास्त चालत नाही. टॉर्पिडो या सगळ्यात बसत होती, त्यामुळे ती कायदेशीर असल्याचं लीगने लगेच सांगून टाकलं.

तरी त्या शनिवारच्या हिशेबात एक गोष्ट बसत नव्हती. नऊपैकी तीन होमरन एकट्या जजचे होते, आणि जज नेहमीच्या, जुन्या आकाराच्या बॅटने खेळत होता. शिवाय ही बॅट नवीही नव्हती. आदल्या वर्षी जियानकार्लो स्टँटनसारखे काही खेळाडू ती वापरत होते, पण तेव्हा तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. नऊ होमरनचा दिवस उगवला आणि बॅट प्रसिद्ध झाली.

दोन दिवसांनी, सोमवारी, सिनसिनाटी रेड्सच्या एली दे ला क्रूझने ती बॅट पहिल्यांदाच सामन्यात घेतली. दोन होमरन मारले, सात धावा मिळवून दिल्या आणि रेड्सनी टेक्सासला १४-३ असं धुतलं. आता शंका कसली?

पुढचे तीन दिवस रेड्सना एकही धाव काढता आली नाही. तिन्ही सामने ते १-० असे हरले. तिसरा, ३ एप्रिलचा सामना मिलवॉकीविरुद्ध होता आणि रेड्सना गप्प बसवणारा पिचर होता नेस्टर कोर्टेस. ज्याच्या पहिल्या तीन चेंडूंचं पाच दिवसांपूर्वी जगभर हसं झालं होतं, त्याने सहा इनिंग टाकल्या आणि धाव दिली नाही.

कोर्टेस पाच दिवसांत शहाणा झाला होता का? दे ला क्रूझची बॅट दोन दिवसांत बोथट झाली होती का? दोन्हींचं उत्तर एकच: आपण जे पाहत होतो त्यात कौशल्य होतं, पण त्याहून जास्त योगायोग होता.

चार सामन्यांचं गणित

ताशी १५० किलोमीटरने सुटलेला चेंडू पिचरच्या हातातून बॅटरपर्यंत पोचायला सेकंदाच्या चार दशांशांइतका वेळ घेतो. चेंडू गोल आणि बॅटही गोल. भेटीची जागा काही मिलिमीटर वर-खाली झाली की होमरनचा सोपा झेल होतो. नीट मारलेला चेंडूही क्षेत्ररक्षकाच्या थेट हातात गेला तर बाद. म्हणून या खेळात दहापैकी तीन वेळा यशस्वी होणारा बॅटर उत्तम समजला जातो आणि सगळ्यात तगडे संघही शंभरातले साठ-बासष्टच सामने जिंकतात. तळाचा संघ दुबळा म्हणावा, तर तोही चाळीसच्या आसपास जिंकतो.

आता साधा हिशेब करू. समजा सगळे तीस संघ अगदी तुल्यबळ आहेत आणि प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा आहे. एखादा संघ पहिले चारही सामने हरण्याची शक्यता सोळात एक. म्हणजे तीस संघांत निव्वळ नशिबाने एक-दोन संघ ०-४ अशी सुरुवात करणारच. त्यांच्यात काही खोट असायला हवीच असं नाही.

बॅटरचंही तसंच. ज्याची खरी कुवत ०.२७० सरासरीची, म्हणजे हजार संधींत २७० वेळा यशस्वी होण्याची आहे, त्याला पहिल्या दहा सामन्यांत साधारण चाळीस संधी मिळतात. संभाव्यतेचं गणित सांगतं की तेवढ्यात त्याची सरासरी ०.२०० ते ०.३४० यांच्या दरम्यान कुठंही असू शकते, आणि तीनातून एकदा ती या पट्ट्याच्याही बाहेर जाईल. ०.२००वाल्याला संघ घरी पाठवतो, ०.३४०वाला तारा ठरतो. पण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हे दोघं एकाच कुवतीचे खेळाडू असू शकतात. मोसमअखेर साडेपाचशे संधी झाल्या की हाच पट्टा ०.२५० ते ०.२९० इतका अरुंद होतो. एप्रिलमध्ये जो कोण आहे ते कळत नाही, तो सप्टेंबरपर्यंत बऱ्यापैकी ओळखीचा होतो.

आपल्याकडे ‘पहिली मॅच देवाला’ हे मुंबई इंडियन्सच्या चाहत्यांचं ठरलेलं वाक्य आहे. २०१३पासून २०२५पर्यंत मुंबईने आयपीएलचा सलामीचा सामना दरवर्षी गमावला आणि त्याच काळात पाचही विजेतेपदं मिळवली. २०२५मध्ये तर पहिल्या पाचांतले चार हरूनही संघ बादफेरीत पोचला. पण आयपीएलमध्ये साखळीत चौदाच सामने असतात, म्हणून प्रत्येक सामना सात टक्क्यांचा. बेसबॉलचे चार सामने मिळून अडीच टक्के. ब्रूअर्सनी यांकीजकडून तिन्ही सामने गमावले, घरी परतून कॅन्सस सिटीकडून ११-१ असा मार खाल्ला आणि ०-४ झाले. पण आयपीएलच्या मापाने त्यांची ‘पहिली मॅच’ अजून एक तृतीयांशच झाली होती.

पुढे काय झालं? ब्रूअर्सनी त्या मोसमात ९७ सामने जिंकले. तीसही संघांत सर्वाधिक, आणि त्यांच्या स्वतःच्या इतिहासातही सर्वाधिक.

हरणारे दोघं, वाटा वेगळ्या

मात्र त्याच आठवड्यात अटलांटा ब्रेव्हज पहिले सातही सामने हरले होते. त्यांचेही चाहते म्हणत होते की मोसम लांब आहे. ब्रेव्हजचा शेवट ७६ विजय आणि ८६ पराभवांवर झाला, बादफेरीही हुकली. चार सामन्यांनंतर दोन्ही संघांची पाटी सारखीच कोरी होती. एक पुढे सगळ्यांच्या वर गेला, दुसरा बुडाला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला तक्ता त्यांतला फरक दाखवू शकत नव्हता.

मग एप्रिल कधीच काही सांगत नाही का? सांगतो, पण त्याला ओरडून सांगावं लागतं. १९८८मध्ये बाल्टिमोर ओरिओल्स पहिले २१ सामने सलग हरले. सहाव्या पराभवानंतरच व्यवस्थापक कॅल रिपकेन सीनियर यांना काढण्यात आलं. त्यानंतर संघ आणखी पंधरा हरला. मोसमअखेर खात्यात १०७ पराभव होते. २०२४मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सनी पहिल्या २५ सामन्यांत तीन जिंकले आणि शेवटी १२१ हरले, आधुनिक काळातला उच्चांक. दुसऱ्या टोकाला १९८४चे डेट्रॉइट टायगर्स: पहिल्या चाळीसांत ३५ विजय, आणि ऑक्टोबरमध्ये जेतेपद. चाळीसांत ३५ केवळ नशिबाने होत नाहीत.

मधल्या साऱ्यांबाबत मात्र सबुरी बरी. २०१९मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स पहिल्या पन्नासांत १९ जिंकून ३१ हरले होते. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, त्यांनीच जिंकली.

खेळाडूंबाबत तर सलामीच्या दिवसाने भल्याभल्यांना चकवलं आहे. ४ एप्रिल १९९४ रोजी शिकागोच्या रिग्ली फील्डवर टफी ऱ्होड्स या फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या बॅटरने ड्वाइट गुडनसारख्या नामांकित पिचरला तीन होमरन मारले. त्या वर्षी त्याचे एकूण होमरन झाले आठ, आणि अमेरिकेतल्या साऱ्या कारकिर्दीत तेरा. एका दिवसाचा राजा म्हणून त्याची फाइल बंद झाली असती. पण ऱ्होड्स जपानला गेला, तिथं ४६४ होमरन मारले आणि २००१मध्ये एका मोसमात ५५ मारून सदाहारू ओह यांच्या विक्रमाची बरोबरी केली. पहिल्या दिवसाने त्याला जास्त जोखलं, नंतरच्या दोन वर्षांनी कमी.

आणि १५ एप्रिल १९४७. ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू मेजर लीगमध्ये उतरला आणि साठेक वर्षं पाळलेला वर्णभेदाचा अलिखित नियम मोडला. त्या दिवसाचा धावफलक पाहिला तर रॉबिन्सनपुढे एकही हिट नाही. तीन प्रयत्न, शून्य. मोसमअखेर त्याची सरासरी ०.२९७ होती, बेस चोरण्यात तो नॅशनल लीगमध्ये पहिला होता आणि सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार त्याच वर्षी सुरू होऊन त्यालाच मिळाला. आज दर १५ एप्रिलला प्रत्येक संघातला प्रत्येक खेळाडू त्याचा ४२ क्रमांक पाठीवर घेऊन खेळतो. एरवी तो क्रमांक १९९७पासून कुणालाच दिला जात नाही.

थंडी, हिम आणि अर्धवट तयारी

एप्रिलच्या आकड्यांवर हवेचाही हात असतो. मोसम मार्चच्या अखेरीस सुरू होतो, तेव्हा क्लीव्हलंड, डेट्रॉइट, शिकागो, मिनिआपोलिस इथं थंडी सरलेली नसते. गार हवा दाट असते. त्यामुळे जोरात मारलेला चेंडू तापमान दहा अंश सेल्सिअसने उतरलं तर साधारण दोन मीटर अलीकडे पडतो. एवढ्या फरकात होमरन कुंपणाजवळचा झेल होतो. गारठलेल्या हातांत चुकीच्या जागी लागलेल्या चेंडूची झिणझिणी वेगळीच, आणि पिचरलाही चेंडूवर नीट पकड मिळत नाही.

वेळापत्रक करणारे हे जाणून असतात. घरच्या मैदानावरच्या सलामीनंतरचा दिवस अनेकदा मोकळा ठेवतात, म्हणजे पाऊस किंवा हिम पडलं तर दुसऱ्या दिवशी खेळता येतं. यांकीज-ब्रूअर्सची सलामी गुरुवारी झाली आणि शुक्रवार रिकामा गेला, तो यामुळेच. तरीही निसर्ग ऐकत नाही. ६ एप्रिल २००७ रोजी क्लीव्हलंडमध्ये हिमवृष्टीत सामना रेटला जात होता. यजमान ४-० पुढे होते, त्यांच्या पॉल बर्डने प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट दिला नव्हता, आणि निकाल ग्राह्य धरण्यासाठी पाहुण्यांची पाचवी इनिंग पूर्ण व्हायला एकच स्ट्राइक हवा होता. नेमका तेव्हा खेळ थांबला, तो पुन्हा सुरू झालाच नाही, आणि झालेलं सगळं रद्द ठरलं. सिएटलविरुद्धची ती मालिका वाहून गेली. त्यानंतरची घरची मालिका क्लीव्हलंडला शेकडो किलोमीटर दूर, मिलवॉकीच्या छपराच्या स्टेडियमवर खेळावी लागली.

खेळाडूंची तयारीही अर्धीच झालेली असते. फेब्रुवारीच्या मध्यापासून फ्लोरिडा आणि ॲरिझोनाच्या उन्हात सराव शिबिरं भरतात. पण पिचरचा खांदा हळूहळू तापवावा लागतो. म्हणून एप्रिलमध्ये सुरुवातीच्या पिचरला लवकर काढलं जातं आणि उरलेलं ओझं राखीव पिचरांवर येतं. २०-९ सारखे निकाल याच दिवसांत दिसले तर नवल नाही.

मग बघायचं काय?

एप्रिलचा एक पूर्ण दिवस म्हणजे पंधरा सामने. पूर्व किनाऱ्यावरचा दुपारचा सामना आपल्या रात्री साडेदहाच्या सुमारास सुरू होतो आणि कॅलिफोर्नियातला रात्रीचा सामना आपल्या सकाळच्या साडेसात-पावणेआठला. २०२३पासून पिचरच्या मागे घड्याळ लागल्यामुळे एक सामना अडीच-पावणेतीन तासांत आटपतो. महाराष्ट्रातल्या शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल किंवा बेसबॉल खेळलेल्यांना नियमही नवे नाहीत.

जाणकार या दिवसांत किती धावा झाल्या यापेक्षा त्या कशा झाल्या हे बघतात. २०१५पासून सगळ्या मैदानांवर कॅमेरे आणि रडार बसवलेले आहेत. चेंडू किती वेगाने सुटला, किती फिरला, बॅटला लागून किती वेगाने व कोणत्या कोनात निघाला, हे प्रत्येक चेंडूमागे नोंदलं जातं. सरासरी स्थिर व्हायला महिने लागतात. वेग मात्र थोडक्या चेंडूंतच कळतो. गेल्या वर्षी ताशी १५५ने टाकणारा पिचर आज १५१ने टाकत असेल, तर सामना जिंकला तरी प्रशिक्षकाच्या कपाळाला आठी पडते. कोपर किंवा खांदा दुखत असेल. उलट चार सामन्यांत एकही हिट न मिळालेल्या बॅटरचे फटके कडक जात असतील, तर त्याला हलवत नाहीत.

त्या २९ मार्चलाही या नजरेने पाहिलं असतं तर जजकडे आधी लक्ष गेलं असतं. मोसमअखेर त्याची सरासरी ०.३३१ झाली, ५३ होमरन झाले आणि अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. टॉर्पिडो बॅटचा चेहरा बनलेला अँथनी व्होल्पी ०.२१२वर थांबला. बॅट चांगली नव्हती असं यातून म्हणता येत नाही. काहींना ती मानवली, ते आजही वापरतात. पण एका दुपारने तिच्याविषयी जे ठरवलं होतं, ते दुपारपुरतंच होतं.

एवढं सगळं झाल्यावर एप्रिलचे सामने बिनमहत्त्वाचे आहेत असं वाटलं, तर तीही फसगतच. भविष्य सांगण्यात ते कच्चे आहेत, हिशेबात मात्र नाहीत. २०२५चा साखळी टप्पा संपला तेव्हा अमेरिकन लीगच्या पूर्व विभागात यांकीज आणि टोरंटो ब्लू जेज दोघांचे ९४-९४ विजय होते. आपसातले सामने टोरंटोने ८-५ असे जिंकले होते, म्हणून विभाग त्यांना मिळाला आणि पहिल्या बादफेरीतून सूटही. यांकीजना आधी बॉस्टनशी तीन सामने झुंजावं लागलं आणि मग टोरंटोनेच त्यांना बाहेर काढलं.

एक विजय जास्त असता तर विभाग यांकीजचा होता. १ एप्रिलला ॲरिझोनाविरुद्ध आठव्या इनिंगमध्ये युजेनियो सुआरेझने ग्रँड स्लॅम, म्हणजे एका फटक्यात चार धावा देणारा होमरन, मारला आणि यांकीज ७-५ असे हरले. टॉर्पिडोच्या गदारोळात त्या पराभवाकडे कुणी फारसं पाहिलं नाही. सप्टेंबरमध्ये एक सामना कमी पडला, तेव्हा तो पराभव खात्यात होता. आणि नऊ होमरनच्या २०-९ची किंमतही तिथं एकच विजय होती.